लोकलचा पूल ही परीक्षा नव्हे

‘जो माणूस सकाळच्या गर्दीत उल्हासनगर स्टेशनचा पूल चढून गाडी पकडतो, त्याला जगातली कुठलीही ट्रिप जड नाही.’ कॅम्प २ मध्ये क्रूझची तिकिटं काढायची चर्चा निघाली की हे वाक्य येतंच. गजानन मार्केटच्या गल्लीत ते सिंधी वळणाच्या हिंदीत ऐकू येतं, आमच्या चाळीतून उठून इमारतीत गेलेल्या मराठी घरांत ठसक्यातल्या मराठीत. अंबरनाथ-बदलापूरकर त्यात आणखी भर घालतात. ते म्हणतात, तुमचा प्रवास तो काय, आम्ही रोज अडुसष्ट किलोमीटर जातो आणि तेवढेच परत येतो, तेही उभ्याने.

या अभिमानाला माझा विरोध नाही. तो कमावलेला आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. २०२१ पासून मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीपकडे जाणारी जहाजं नियमित सुरू झाली. तेव्हापासून आमच्याकडे लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, निवृत्ती, मुलाला लागलेली नोकरी, सगळ्यावर उतारा म्हणून क्रूझ आली. आजीपासून पणतीपर्यंत सगळे एकाच वेळी जहाजावर. जहाजावर कुणाला त्रास होत नाही, लिफ्ट असते, खुर्च्या असतात. त्रास होतो तो बंदरात उतरल्यावर, त्या चार-सहा तासांच्या शोअर एक्स्कर्शनमध्ये. तिथे मग कुणी बसमध्येच बसून राहतं, कुणी अर्ध्या पायऱ्यांवरून माघारी फिरतं, आणि रात्री जेवताना घरात रुसवेफुगवे.

तर पुलाचा मुद्दा. रोज पूल चढल्याने काय सिद्ध होतं? त्या पुलाची सवय असल्याचं. कुठली पायरी झिजली आहे, कठडा कुठे संपतो, कुठला डबा कुठे थांबतो हे पायांना पाठ असतं. त्याहून महत्त्वाची एक गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही, कारण ती इतकी अंगवळणी पडली आहे. धाप लागली तर आपण थांबतो. कठड्याला टेकतो, गाडी जाऊ देतो, पुढची पकडतो. उशीर झाल्याबद्दल साहेब बोलतो, पण अंगावर काही येत नाही. एक्स्कर्शनमध्ये पुढची गाडी नसते. चाळीस जणांची बस, हातात छोटं निशाण घेतलेला गाइड आणि जहाजाची सुटण्याची वेळ. सहल जहाज कंपनीकडूनच घेतली असेल तर सहसा जहाज थांबतं, स्वतः टॅक्सी करून गेलात तर थांबत नाही. पण दोन्ही प्रकारांत तुमचा वेग तुमच्या हातात राहत नाही. श्रम मोजायचे तर सुरुवात इथून करायला हवी, आणि नेमकी इथूनच कुणी करत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. एखादी सहल किती दमवणारी आहे हे किलोमीटरवर ठरत नाही, पायऱ्यांच्या आकड्यावरही नाही, जाणाऱ्याच्या वयावर तर नाहीच. ते ठरतं मध्येच थांबता, बसता किंवा सोडून देता येतं का, यावर. बाकीचे आकडे त्यानंतर.

घारापुरी घ्या. परदेशी जहाजं मुंबईत बॅलार्ड पिअरला लागतात तेव्हा एलिफंटा ही त्या प्रवाशांची ठरलेली सहल असते, आणि आपल्याकडे शाळेपासून सगळे जाऊन आलेले असतात. विचारा कुणालाही, उत्तर येईल, ‘एकशेवीस पायऱ्या, बस.’ आकडा बरोबर आहे आणि तरी तो फसवा आहे. आधी गेटवेला बोटीत पाय टाकायचा. बोटी एकमेकींना लागून उभ्या असतात, त्यामुळे कधीकधी एकीवरून दुसरीत जावं लागतं, मध्ये पाणी हिंदकळत असतं आणि कुणीतरी दंड धरून ओढतं. मग तासभर समुद्र. मग जवळजवळ किलोमीटरभर धक्का. त्यासाठी छोटी आगगाडी आहे, पण गर्दीच्या दिवशी तिच्यासाठीही ताटकळायचं. मग त्या पायऱ्या. आणि वर गेल्यावर, ज्यासाठी आलो त्या सुमारे वीस फुटी त्रिमूर्तीसमोर, लेण्याच्या थंड अंधारात उभं राहून गाइडचं ऐकायचं. बसायला जागा नाही. ज्यांच्या पोटऱ्यांत गोळे येतात, कंबर धरते, त्यांना पायऱ्यांनी केलं नाही ते हे उभं राहणं करतं.

पण त्याच पायऱ्यांची दुसरी बाजूही पाहा. दोन्हीकडे दुकानं आहेत, वर ताडपत्र्यांची सावली आहे, दहा पायऱ्यांवर लिंबूपाणी घेत माळा बघण्याचं निमित्त करून थांबता येतं. अगदीच नाही जमलं तर डोलीवाले आहेत. म्हणून पायऱ्या हा त्या सहलीतला सगळ्यात माफ करणारा भाग आहे, आणि नेमका त्याचाच आकडा सगळीकडे सांगितला जातो. बोटीतली उडी आणि लेण्यातलं उभं राहणं यांचा उल्लेख करावासा कुणाला वाटत नाही.

मुरूड-जंजिऱ्याला तर पायऱ्यांचा विचारही करू नका. राजपुरीहून शिडाची होडी निघते, दरवाजापाशी येते, आणि हेलकावणाऱ्या होडीतून दगडावर पाय टाकायचा तो एकच क्षण असतो. तिथे दम खाऊन मग ठरवू असं म्हणता येत नाही, मागे माणसं उभी असतात, होडी वर जाते, खाली येते. गुडघा वाकत नसेल त्याच्यासाठी ती एक पायरी एलिफंटाच्या एकशेवीसपेक्षा अवघड आहे. लक्षद्वीपलाही हेच. मोठं जहाज उथळ लगूनमध्ये शिरू शकत नाही, ते बाहेर थांबतं आणि प्रवासी छोट्या बोटीतून किनाऱ्याला जातात. बेटावर चालायला सपाट वाळू आहे, चढ नावालाही नाही. माहितीपत्रकवाला त्या सपाट बेटाकडे बघून ‘सोपी’ लिहून मोकळा होतो.

इथे माझा दुसरा प्रतिपक्ष येतो, तो म्हणजे माहितीपत्रकावरचा चालणारा माणूस. एक माणूस काढला की सोपी, दोन काढले की मध्यम, तीन म्हणजे दमवणारी. मध्यम कुणासाठी? जो गाइड रोज ती फेरी मारतो त्याच्यासाठी, की वर्षातून एकदा माथेरानला घोड्यावर बसून जाणाऱ्या आमच्या काकूंसाठी? ज्यांना हे शास्त्र खरंच कळतं त्यांनी असा घोळ कधी घातलेला नाही. डोंगर चढणारे १८९२ पासून स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथचा हिशेब वापरतात. पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास वाढवायचा. हा हिशेब वाटेचा आहे. चालणारा कसा आहे याबद्दल तो चकार शब्द काढत नाही, आणि थांबण्याचा वेळ त्यात नाहीच. उलट स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रम मोजायची सहा ते वीसची पट्टी केली, ती निव्वळ माणसाची आहे. त्याला स्वतःला किती जड जातंय ते त्यानेच सांगायचं. एकाने रस्ता मोजला, दुसऱ्याने माणूस. सहलीच्या कागदावरचं ते चित्र दोन्ही मोजल्याचा आव आणतं आणि त्यातून दोन्हींपैकी काहीही हाती लागत नाही. रस्त्याची मापं द्या, माणूस आपला निर्णय घेईल. त्याचा निर्णय तुम्ही आधीच घेऊन त्याला एक चित्र पाठवू नका.

मनगटावरच्या घड्याळांचंही तेच. हल्ली सून सासूला घड्याळ घालते आणि म्हणते, ‘आई, ठोके शंभरच्या वर गेले की थांबा.’ रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्या माणसाचे ठोके गोळीमुळे फारसे वाढतच नाहीत. शंभर होतील तेव्हा थांबू, म्हणत ती बाई पुरती दमून जाईल. अशा वेळी चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का, ही जुनीच खूण जास्त खरी. आणि आमच्याकडच्या बायका चालताना बोलतातच, तेव्हा गप्प झाल्या की समजावं.

तिसरा पक्ष घरातलाच, आणि तो सगळ्यात आडमुठा. ‘आई, तू जहाजावरच बस, आम्ही जाऊन येतो.’ साठी उलटली की हा निकाल लागतो, अपिलाची सोय नाही. रोज सकाळी कॅम्प २ मधून भाजीला पायी जाणारी, देवघरात खाली बसून उठणारी सत्तरीची बाई आणि बदलापूरहून घरूनच लॅपटॉपवर काम करणारा तिचा चाळिशीचा मुलगा यांतला कोण आधी बसेल, यावर मी पैज लावायला तयार आहे. वयाने फरक पडतो, नाही असं नाही. तोल जातो, अंधारात दिसत नाही, पडलं तर हाड मोडायची भीती असते. पण म्हणून वय हे माप होत नाही. वाट कशी आहे हे न बघता माणसालाच बाद करणं, हे त्या तीन चित्रांचंच घरगुती रूप आहे.

याला आमच्याजवळचाच पुरावा देते. मलंगगड. कल्याण-अंबरनाथकडून बघितला की आभाळात घुसल्यासारखा दिसतो, उंची सातशे ऐंशी मीटरच्या पुढे. पीरमाची, सोनेमाची, वर बालेकिल्ला. बालेकिल्ला सोडा, ते गिर्यारोहकांचं काम. पण माचीपर्यंत म्हाताऱ्या बाया पिढ्यान्पिढ्या चढत आल्या आहेत, अनवाणी, कडेवर नातू घेऊन. कुठल्याही माहितीपत्रकाने ही चढण दोन माणसांचीसुद्धा लिहिली नसती, तीनच काढली असती आणि खाली तारांकित सूचना. तरी त्या जातात, कारण वाटेत दर थोड्या अंतरावर टपरी आहे, ओटा आहे, सावली आहे आणि ‘चला, चला, बस सुटेल’ म्हणणारा कुणी नाही. दिवस लागला तर दिवस. भक्ती असते हे खरंच, पण निव्वळ भक्तीने गुडघा वाकत नाही. वेळ हाताशी असतो म्हणून वाकतो. त्याच बाईला पंचेचाळीस मिनिटांत वर जाऊन यायला सांगा, ती पहिल्या टप्प्यावर बसेल.

आता उलट करून बघू. समजा, उद्या कुणी बॅलार्ड पिअरवरून परदेशी प्रवाशांना अंबरनाथच्या शिवमंदिराला आणायचं ठरवलं. आणावं, असं माझं मत आहे. शिलाहार मुम्मुणीच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे सन १०६० चा शिलालेख असलेलं देऊळ मुंबईपासून साठ किलोमीटरवर आहे आणि मुंबईकरांनाच ते ठाऊक नाही. माहितीपत्रकात काय येईल? ‘सोपी. थोडे चालणे.’ देऊळ उंचावर नाही, वालधुनीच्या काठी सखल जागेत आहे, चढ नाही. एका माणसाचं चित्र, झालं.

आणि खरं काय असेल? बंदरापासून बस. शीळफाट्याची वाहतूक ज्याला माहीत आहे तो दोन तासांच्या आत पोचण्याचं वचन देणार नाही. दोन तास गुडघे वाकवून बसलेला माणूस उतरतो तेव्हा पाय सुजलेले असतात, पहिली शंभर पावलं लाकडी पडतात. बसमध्ये बसणं हेही श्रमच आहेत. परतीचेही तेवढेच दोन तास, ते पत्रकात धरलेले नसतात. मग चपला बाहेर काढायच्या. एप्रिलच्या दुपारी काळ्या दगडाच्या आवारात अनवाणी चालणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे, आपण सावलीच्या कडेकडेने पटापट पावलं टाकतो. ज्याने जन्मात बूट काढून देवळात पाय ठेवला नाही, ज्याच्या तळव्यांना मधुमेहाने बधिरता आली आहे, त्याला चटका बसला हे कळेलसुद्धा संध्याकाळी. मग सभामंडप, थंडगार, टेकायला जागा. आणि तिथून गाभाऱ्यात जायला सुमारे वीस पायऱ्या खाली. अरुंद, अंधाऱ्या, अभिषेकाच्या पाण्याने ओल्या. खालून वर येणारे आणि वरून खाली जाणारे एकमेकांना खेटतात.

उतरणं सोपं, चढणं अवघड, हा आणखी एक पक्का गैरसमज. चढताना दम लागतो, तो थांबलं की जातो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, गुडघ्यावर सगळं वजन येतं, आणि त्याचं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना कळतं. जहाजावर तोपर्यंत दुसरं बंदर आलेलं असतं आणि दुसरी ‘सोपी’ सहल.

तरीही ही सहल मी गुडघ्यांनी त्रस्त माणसाला सुचवेन. का? कारण सभामंडपात बसून राहता येतं. गाभाऱ्यात न उतरताही बाहेरच्या भिंतींवरचं शिल्प तासभर बघण्याजोगं आहे, आणि ते बघायला एकही पायरी लागत नाही. सकाळी लवकर गेलं तर दगड तापलेला नसतो. हे चार शब्द पत्रकात लिहिले तर ज्याने टाळायला हवं तो टाळेल आणि ज्याला उगाच भीती वाटत होती तो येईल. एका चित्राने यातलं काहीच होत नाही.

बाहेरच्या जगातही वेगळं चित्र नाही. हल्ली आमच्याकडची कुटुंबं ग्रीसपर्यंत जातात. सँटोरिनीला जहाज खाली थांबतं, गाव कड्यावर आहे, वर जायला पाचशे ऐंशीहून जास्त पायऱ्या. केबल कार आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात, पण एकाच दिवशी चार जहाजं लागली की केबल कारच्या रांगेत उन्हात तास जातो आणि तो तास कुणाच्याच हिशेबात नसतो. अथेन्सच्या अक्रोपोलिसला लिफ्ट आहे, वाटा नीट केल्या आहेत. तरी जुलै २०२३ मध्ये उष्णतेमुळे दुपारी ते बंद ठेवावं लागलं. टेकडी तीच, संगमरवर तोच. फक्त तापमान बदललं आणि सोप्या सहलीची धोक्याची सहल झाली. आपल्याकडे जहाजांचा मोसम पावसाळा सोडून असतो, म्हणजे त्यात ऑक्टोबरची उकाड्याची दुपारही येते आणि मेची घामेजलेलीही. डिसेंबरातली एलिफंटा आणि मेमधली एलिफंटा यांना एकच चित्र लावणाऱ्याला मी काय म्हणू?

या सगळ्यावर विकणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं आहे. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत ते छापलेलंच असतं: प्रवाशाने आपल्या प्रकृतीची खात्री स्वतः करून घ्यावी, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ऐकायला रास्त वाटतं. पण डॉक्टर काय सांगणार? त्याला माझं हृदय माहीत आहे, जंजिऱ्याचा दरवाजा नाही. तो विचारेल, किती चालायचं आहे, किती उभं राहायचं आहे, चढ आहे का, ऊन असेल का. ती माहिती आहे कंपनीकडे, आणि कंपनीने ती दिलेली नाही. म्हणजे रुग्णाने डॉक्टरकडे जायचं, डॉक्टरने अंदाज करायचा, आणि काही झालं तर जबाबदारी रुग्णाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या उणिवेच्या व्याख्येतच, संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणं ही उणीव धरली आहे. वीस ओल्या पायऱ्या आहेत हे माहीत असून ‘सोपी’ लिहिणं या व्याख्येत बसतं की नाही, हे एखाद्या ग्राहक आयोगाने ठरवावं, मला आवडेल.

‘एवढं सगळं लिहिलं तर गिऱ्हाईक घाबरेल,’ हा शेवटचा बचाव. नेहरू चौकाजवळच्या एका एजंटने मला तो अगदी प्रामाणिकपणे सांगितला, दोन वेळा चहा पाजून. त्याची अडचण मला समजते. समोरचा गृहस्थ तेरा जणांचं बुकिंग करायला आला आहे, त्याला गुडघ्यांचा विषय काढून कशाला बिचकवायचं? पण हिशेब उलटा आहे. तेरा जणांपैकी दोघं बसमध्ये बसून राहिले तर परत आल्यावर ते दोघंच कॅम्पभर बोलतात, बाकीचे अकरा फक्त फोटो टाकतात. आणि ज्या घरात आजीला आधीच ‘तू नको’ म्हटलं जातं, तिथे एक तिकीट मुळातच कमी विकलं जातं. बसायला जागा कुठे आहे एवढं लिहिलं असतं तर ती आली असती.

आमच्या लोकांनाही एक सुनावायला हवं. आपण दर विचारतो, जेवण शाकाहारी आहे का विचारतो, कांदा-लसूण विचारतो, खोलीला खिडकी आहे का विचारतो. सलग किती वेळ उभं राहायचं, बस किती जवळ येते, शौचालय कुठे आहे, बोटीत चढताना धरायला काही आहे का, हे विचारायला लाज वाटते. कारण ते विचारलं की आपण म्हातारे ठरतो, आणि पुलाचा अभिमान आड येतो. पहिला प्रश्न हाच ठेवा: मध्येच नको वाटलं तर कुठे बसता येईल आणि बाकीचे तिथूनच परत येतील का? उत्तर ‘हो’ असेल तर मलंगगडसुद्धा झेपतो. ‘नाही’ असेल तर सपाट बेटावरही विचार करून जा. आणि उत्तर ‘बघू ना, मॅनेज होईल’ असं आलं, तर ते ‘नाही’ समजा.

माझ्या त्या एजंटचं म्हणणं होतं की असली बारीक माहिती त्याच्याकडे नसते, ती तिथल्या स्थानिक माणसाकडे असते. मग त्याला फोन लावावा. गोव्यातल्या गाइडला सहलीतल्या पायऱ्या मोजायला एक दिवस पुरेल, आणि एकदा मोजल्या की पुढच्या मोसमात त्या तेवढ्याच असतील.